देवळालीची जिप्सी पठाणकोटला नेताना : बदल केलेल्या खासगी गाडीच्या नोंदणीचे एक प्रकरण

सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यापासून नाशिक परिसरातील सैनिकांच्या कुटुंबांची कागदपत्रे मी पाहून देतो. त्यात पेन्शन आणि शाळाप्रवेश यांच्या खालोखाल सर्वाधिक काम निघते ते गाड्यांचे. सैनिकाची बदली दोन-तीन वर्षांनी होते, गाडी मात्र एका राज्यात नोंदलेली असते, आणि ती सोबत न्यायची म्हटले की मोटार वाहन कायदा, विमा, कर आणि दोन राज्यांची परिवहन कार्यालये यांचा एकदम संबंध येतो. गाडीत मूळ रचनेपेक्षा काही बदल केलेले असतील तर हा गुंता किती वाढतो आणि तो कोणत्या क्रमाने सोडवला तर सुटतो, हे दाखवणारे एक प्रकरण येथे सविस्तर मांडतो आहे. संबंधित सैनिकाचे नाव मी देत नाही. ते तोफखान्यातील नायब सुभेदार असून त्या वेळी देवळालीला नेमणुकीवर होते.

गाडी होती मारुती जिप्सी, २०१४ साली नाशिकला नोंदलेली, एमएच-१५ क्रमांकाची, पेट्रोलवर चालणारी. नायब सुभेदारांनी ती २०१९ मध्ये निफाडच्या एका द्राक्षबागायतदाराकडून घेतली आणि रीतसर आपल्या नावावर करून घेतली. नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आपण ज्याला आर.सी. म्हणतो त्यावर, रंग पांढरा, बांधणी कापडी हुडाची आणि आसनक्षमता आठ अशी नोंद होती. जानेवारी २०२४ मध्ये त्यांची बदली पंजाबमधील पठाणकोटला झाली तेव्हा दारात उभी असलेली गाडी यांपैकी एकाही नोंदीशी जुळत नव्हती. रंग सैनिकी हिरवा होता. कापडी हुडाच्या जागी स्थानिक कारागिराने बनवलेले फायबरचे कडक छत होते. मागची समोरासमोरची दोन बाकडी काढून तेथे पुढे तोंड असलेले एकच रुंद आसन बसवले होते. पुढे जाड लोखंडी नळ्यांचा बुलबार होता, छतावर एलईडी दिव्यांची पट्टी होती, स्प्रिंगच्या पाट्यांना लांब शॅकल, म्हणजे पाटे चेसिसला जोडणारे लोखंडी दुवे, लावून गाडी उंच केलेली होती आणि चाकांवर २३५/७५ आर १५ मापाचे टायर होते. बुलबार आधीच्या मालकाने बसवलेला होता, बाकीचे सारे यांनी हौसेने, एकेक पगार बाजूला टाकून करून घेतले होते.

ते माझ्याकडे आले ते फक्त ना-हरकत प्रमाणपत्राचा, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवण्यास मूळ कार्यालयाची हरकत नाही अशा दाखल्याचा, अर्ज भरून घ्यायला. नमुना २८ सोबत आणला होता आणि चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, कोरलेल्या क्रमांकाचा पेन्सिलने घासून काढलेला ठसाही तयार होता. गाडीतील बदलांचा विषय मी काढला तेव्हा ते म्हणाले, "साहेब, पाच वर्षं नाशकात फिरवली, कुणी हात दाखवला नाही. आणि पठाणकोट तर सगळं फौजेचंच गाव आहे." या दोन वाक्यांत या प्रकरणाचे मूळ आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४६ प्रमाणे एका राज्यात झालेली नोंदणी सबंध देशात चालते. म्हणून नाशिकची गाडी पठाणकोटपर्यंत चालवत नेण्यास कोणाचीही हरकत असू शकत नाही. प्रश्न येतो तो गाडी तेथे राहण्याचा. कलम ४७ सांगते की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तेथे नवा नोंदणी क्रमांक घेतला पाहिजे. सैनिकांसाठी या कलमात वेगळी सूट नाही. टोलच्या बाबतीत १९०१ च्या जुन्या कायद्याने कर्तव्यावरील सैनिकांना सवलत दिलेली आहे, आणि त्यामुळे फौजी ओळखपत्र दाखवले की गाडीचेही सारे निभावते असा समज बराकीत पक्का झालेला आढळतो. नोंदणीशी त्या सवलतीचा काहीही संबंध नाही. खासगी गाडी ही खासगी गाडीच असते, मग ती छावणीच्या आत उभी असो की बाहेर.

नवा क्रमांक घ्यायचा म्हणजे तेथील मोटार वाहन निरीक्षकासमोर गाडी उभी करायची. पाच वर्षांत कोणी हात दाखवला नाही, कारण त्या पाच वर्षांत गाडी आणि आर.सी. शेजारी ठेवून पाहण्याचा प्रसंगच आला नव्हता. बदलीने तो प्रसंग येणार होता. शिवाय ना-हरकत प्रमाणपत्र देताना मूळ कार्यालय मुख्यतः कागद पाहते, म्हणजे थकीत दंड, कर्जाचा बोजा, चोरीची नोंद आणि कर. चेसिसचा ठसा जुळला की बहुधा काम होते. मला भीती होती ती नेमकी हीच. प्रमाणपत्र हातात पडते, संगणकावर गाडी 'ना-हरकत दिलेली' म्हणून दिसू लागते, त्यामुळे मूळ कार्यालय त्या गाडीचे दुसरे काम हाती घेत नाही, आणि नव्या राज्यातला निरीक्षक गाडी पाहून नोंदणी नाकारतो. ही अधांतरी अवस्था मी दोन कुटुंबांत पाहिली आहे. त्यांपैकी एका घरी नवरा फील्डवर, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा नेमणुकीवर, आणि पत्नी परक्या शहरात अशी स्थिती होती, आणि प्रमाणपत्र रद्द करून घेण्यासाठी त्या वहिनींना रेल्वेने परत यावे लागले. म्हणून माझा आग्रह असा होता की अर्ज करण्यापूर्वी आपल्या गावी, आपल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये, गाडी आणि कागद एक करायचे. कागदाप्रमाणे गाडी करायची, किंवा जेथे कायदा वाव देतो तेथे गाडीप्रमाणे कागद करून घ्यायचा.

कायदा किती वाव देतो, हे कलम ५२ वरून ठरते. उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी आर.सी.वरील तपशील विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये, असे हे कलम म्हणते. आर.टी.ओ. विरुद्ध के. जयचंद्रन या केरळमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच शब्दांवर बोट ठेवले आणि राज्याच्या नियमांचा आधार घेऊन मूळ रचना बदलता येणार नाही असे स्पष्ट केले. त्यानंतर 'आता गाडीला काहीच लावता येत नाही' अशी हवा पसरली, तीही बरोबर नाही. कलम ५२ च्या स्पष्टीकरणात बदल म्हणजे काय ते दिलेले आहे : वाहनाच्या रचनेतील असा फेरफार, ज्यामुळे त्याचे मूलभूत स्वरूप बदलते. आसनांची खोळ, गाणी ऐकण्याचे यंत्र, गंज रोखणारा थर यांचा येथे संबंध नाही. सीएनजीसारख्या इंधनाचे मान्यताप्राप्त किट नियमांत राहून बसवता येते. मंजुरीने केलेला बदल किंवा बदललेले इंजिन चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे लागते. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ, पोटकलम ४, असे आहे की अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द मी नायब सुभेदारांना दोनदा वाचून दाखवले. या गाडीवर सात बदल होते.

पहिला निर्णय रंगाचा झाला, आणि त्यात चर्चेला जागाच नव्हती. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार सैनिकी हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज इतरांना लावता येत नाही. येथे नायब सुभेदारांना मनापासून वाईट वाटले. ज्या रंगाच्या जिप्सीत त्यांनी वीस वर्षे काढली तोच रंग त्यांना स्वतःच्या गाडीला हवा होता, आणि मी तो हट्ट समजू शकतो. पण त्या रंगाला जे महत्त्व आहे ते त्याच्या मर्यादेमुळेच आहे. नाक्यावरच्या पहारेकऱ्याने हिरवी गाडी पाहून ती सैन्याची समजावी हाच त्याचा उपयोग असेल, तर खासगी हिरवी गाडी हा सुरक्षेतला दोष ठरतो. पठाणकोटच्या हवाई तळावर जानेवारी २०१६ मध्ये झालेल्या हल्ल्याच्या वेळी दहशतवाद्यांनी एका पोलीस अधिकाऱ्याची गाडी बळकावून वापरली होती. त्या शहरात अशी गाडी घेऊन जाणे किती अनुचित होते हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

दुसरा एखादा रंग लावून त्याची आर.सी.वर नोंद करून घेण्याचा मार्ग खुला होता. तो आम्ही घेतला नाही. नोंदलेल्या पांढऱ्या रंगाकडे परत गेले की एक अर्ज वाचतो आणि निरीक्षकाला विचारण्यासारखे काही उरत नाही. मात्र रंगकाम वरवरचे करून चालत नाही. दारांच्या चौकटी, बॉनेटची आतली बाजू, इंधनाच्या झाकणामागचा भाग, येथे हिरवा रंग राहिला तर संशय येतो. या गाडीत तर आणखी एक अडचण निघाली. रंगाऱ्याने चेसिसवरही हिरव्या रंगाचा जाड हात मारलेला होता आणि चेसिस क्रमांकाचे दोन अंक रंगाने बुजले होते. नायब सुभेदारांनी आणलेला पेन्सिलचा ठसा मी उजेडात धरला तेव्हा त्यात शेवटून तिसरा अंक ३ आहे की ८ हे कळत नव्हते. तो भाग घासकागदाने किंवा चाकूने खरवडायचा नाही, कारण धातूवर ओरखडे आले की क्रमांकात फेरफार केल्याचा संशय येतो. चिंधी थिनरमध्ये भिजवून त्या जागेवर ठेवायची, रंग मऊ झाला की दात घासण्याच्या जुन्या ब्रशने अलगद काढायचा, आणि मग कोरड्या धातूवर पातळ कागद ताणून पेन्सिल आडवी धरून ठसा घ्यायचा. असे केल्यावर अंक ८ असल्याचे स्पष्ट झाले. नंतर त्या पट्टीवर रंग न देता तेलाचा पातळ हात दिला.

फायबरचे छत आणि मागचे आसन यांचा विचार एकत्र करावा लागला. जिप्सी कंपनीकडूनच कापडी आणि कडक छत अशा दोन्ही प्रकारांत मिळत असे, तेव्हा हे छत चालायला काय हरकत आहे, असा नायब सुभेदारांचा युक्तिवाद होता. परंतु कंपनीचे कडक छत हा चाचणी होऊन मान्यता मिळालेल्या रचनेचा भाग होता, आणि यांचे छत गल्लीतल्या साच्यात ओतलेले होते. गाडी उलटली तर ते किती भार सोसेल याचा कोणताही दाखला नव्हता. आसन तर त्याहून धोक्याचे होते. ते पत्र्याच्या फरशीला चार बोल्टांनी आवळलेले होते, खाली जाड पत्र्याची आधारपट्टीही नव्हती, आणि त्यावर घरातली दोन मुले बसत होती. आठ आसनांची गाडी पाच आसनांची करणे म्हणजे आर.सी.वरील तपशील बदलणे, हे कायद्याचे कारण झाले. मला स्वतःला मुलांचे कारण पुरेसे वाटले. हुडाच्या लोखंडी कमानी आणि मूळ बाकडी सुदैवाने निफाडच्या शेडमध्ये आधीच्या मालकाने जपून ठेवली होती. कापड मात्र कुजले होते, ते नवे शिवून घेतले.

बुलबार आणि दिव्यांची पट्टी यांत फार वेळ गेला नाही. बुलबारविरुद्ध कारवाई करण्याबाबत केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. धडकेच्या वेळी तो पादचाऱ्याला गंभीर इजा करतो आणि आघात शोषला न जाता थेट चेसिसवर जातो. प्रखर शोधदिव्याला नियम १११ ची मनाई आहे. दिव्यांवर काळी झाकणे घालू का, असे विचारले गेले. त्यावर मी तारांसकट सारे काढायला सांगितले, आणि ते काढताना बॅटरीवरून थेट ओढलेली, फ्यूज नसलेली तार बॉनेटखाली सापडली. तिचे आवरण एका जागी पत्र्याच्या कडेने कापले गेले होते.

टायरांबद्दल थोडे गणित सांगतो, कारण हा बदल लोकांना निरुपद्रवी वाटतो. या जिप्सीचे मूळ माप २०५/७० आर १५, म्हणजे चाकाचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर भरतो. फरक जवळजवळ दहा टक्क्यांचा आहे. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही, म्हणून काटा ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास धावत असते. वेगमर्यादा ओलांडल्याचे चलन येते आणि चालकाला ते अन्यायाचे वाटते. मोठे चाक ब्रेकवरही जादा ताण टाकते, आणि लांब शॅकलमुळे गाडीचा गुरुत्वमध्य आधीच वर गेलेला असतो. शॅकल आणि टायर दोन्ही मूळ मापाचे बसवले. शॉक अॅब्सॉर्बर दुसऱ्या कंपनीचे होते, पण लांबी मूळ इतकीच होती, ते तसेच ठेवले. झिजलेला भाग त्याच मापाच्या भागाने बदलणे आणि गाडीचे स्वरूप बदलणे यांत माझ्या मते फरक केला पाहिजे.

विम्याकडे शेवटी लक्ष दिले, खरे तर तो आधी पाहायला हवा होता. पाच वर्षे पॉलिसी पांढऱ्या, कापडी हुडाच्या, आठ आसनी गाडीची निघत होती आणि बदल कंपनीला एकदाही कळवलेले नव्हते. या काळात अपघात झाला असता तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडचणीत आला असता. महत्त्वाची माहिती दडवून पॉलिसी घेतली असे सिद्ध झाले तर तृतीय पक्षाच्या भरपाईतही कंपनी बचाव घेऊ शकते आणि तो बोजा मालकावर येऊ शकतो. गाडी मूळ रूपात आल्यावर कंपनीकडून पाहणी करून घेतली आणि पाहणीचा अहवाल फाइलला लावला. प्रीमियमच्या दृष्टीने नाशिक आणि पठाणकोट दोन्ही 'ब' विभागात मोडतात, त्यामुळे हप्त्यात फरक पडला नाही. पत्ता आणि पुढे नवा क्रमांक यांची नोंद पॉलिसीवर करून घेणे मात्र आवश्यक होते.

या साऱ्याला सहा आठवडे लागले. त्यानंतरच नमुना २८ चा अर्ज दिला. अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत कार्यालयाने होकार किंवा सकारण नकार कळवला नाही तर ना-हरकत दिल्याचे मानले जाते, अशी तरतूद कलम ४८ मध्ये आहे. येथे ती वापरण्याची वेळ आली नाही. दोन जुनी ई-चलने थकीत निघाली, ती भरली आणि प्रमाणपत्र मिळाले.

दरम्यान भारत मालिकेचा, म्हणजे बीएच क्रमांकाचा, पर्याय तपासला होता. ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने आलेली ही मालिका संरक्षण दलातील व्यक्तींना उपलब्ध आहे, आणि डिसेंबर २०२२ पासून आधी नोंदलेल्या गाडीलाही ती मिळू शकते. राज्य बदलले तरी क्रमांक बदलत नाही आणि कर एकरकमी न भरता दोन-दोन वर्षांच्या टप्प्यांनी भरता येतो. पण हा क्रमांक घेतला म्हणजे कलम ५२ मधून सुटका होते असे नाही, गाडी आर.सी.प्रमाणेच असावी लागते. नायब सुभेदारांची सेवा तीन वर्षे उरली होती, गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२९ मध्ये संपणार होती, आणि नवा दोन वर्षांचा कर ठरलेल्या मुदतीत भरला नाही तर दररोज शंभर रुपये दंड लागतो. फील्डवर असताना ती तारीख चुकण्याचा धोका त्यांना नको होता. दहा वर्षांच्या गाडीसाठी त्यांनी नेहमीचा मार्ग धरला, तो मला योग्य वाटला. आज नवी गाडी घेणाऱ्या जवानाला मात्र मी निःसंकोचपणे बीएच क्रमांकच घ्यायला सांगतो.

पठाणकोटला नमुना २७ चा अर्ज, नाशिकचे ना-हरकत, विमा, वैध पीयूसी, आणि पत्त्याचा पुरावा म्हणून क्वार्टर वाटपाचे व युनिटचे पत्र, एवढे कागद लागले. तेथील निरीक्षकाने चेसिसवरची ती मोकळी पट्टी पाहून प्रश्न केला. रंग काढण्यापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे तारखेसह आम्ही काढून ठेवली होती. ती दाखवल्यावर त्याने स्वतः ठसा घेतला, अंक जुळवले आणि अर्जावर सही केली. पंजाबचा कर गाडीच्या वयाप्रमाणे भरल्यावर पीबी-३५ मालिकेतील क्रमांक मिळाला. त्यानंतर विमा कंपनीला आणि फास्टॅगच्या बँकेला नवा क्रमांक कळवला, आणि महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराच्या उरलेल्या भागाच्या परताव्यासाठी नव्या आर.सी.ची प्रत जोडून नाशिकला अर्ज केला.

या प्रकरणात माझीही एक चूक झाली. काढलेला बुलबार आणि फायबरचे छत मी निफाडच्या शेडमध्येच ठेवू दिले. दोन महिन्यांनी तेथल्याच एका तरुणाने ते आपल्या जिप्सीला बसवण्यासाठी मागितल्याचे कळले, तेव्हा नायब सुभेदारांनी पठाणकोटहून फोन करून दोन्ही वस्तू तोडून भंगारात द्यायला सांगितले. बुलबार गॅस कटरने चार ठिकाणी कापताना मी समोर उभा होतो.